रेशन दुकानातील वागणूक आणि आपली युनियन

(भुसावळ येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेपुढे वेतन आयोगाचा विषय आहे, पेन्शनचा आहे, रिकाम्या जागांचा आहे. त्या यादीत शेवटी ‘रेशन दुकानातील वागणूक’ असा विषय आम्ही घातला, तेव्हा कार्यकारिणीतल्याच दोघांनी विचारले की हा विषय आपला कसा? आपल्या पांढऱ्या कार्डावर आपल्याला कोण धान्य देतो? प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ दिले पाहिजे. वेतन आयोगावर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही आमचा वेळ या विषयाला देतो.

गेल्या पावसाळ्यात यार्डात डबे धुणाऱ्या कंत्राटी बायका युनियनच्या ऑफिसात आल्या. पगाराची तक्रार असेल असे आम्हाला वाटले, कारण ठेकेदार पगार वेळेवर देत नाही यात आता नवीन काही राहिलेले नाही. पण त्या बोलू लागल्या रेशन दुकानाविषयी. त्यांच्यातल्या पन्नाशीच्या एका बाईचा अंगठा मशीनवर उठत नव्हता. डबा धुण्याचे औषध, ॲसिड आणि पाणी यांत ज्या बोटांची दहा वर्षे गेली, त्या बोटांवर रेघा राहतील कशा? दुकानदार म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. तिसऱ्या दिवशी म्हणाला, कोटा संपला. घरात पाच माणसे, म्हणजे महिन्याचे पंचवीस किलो धान्य. त्यासाठी तिचे तीन खाडे पडले, आणि खाडा पडला की ठेकेदार पैसे कापतो हे तुम्हाला सांगायला नको. एवढे सांगून ती म्हणाली, “भाऊ, धान्याचं जाऊ द्या. चार माणसांत तो मला म्हणाला, फुकटचं खायचं आणि वर घाई करायची!”

दुसरीला साबण आणि चहापत्ती घेतल्याशिवाय गहू मिळत नव्हता. तिसरीचे कार्डच दुकानदाराने ‘राहू दे इथे’ म्हणून ठेवून घेतले होते. चौथीची पावती पंचवीस किलोची आणि पिशवी हलकी. आम्ही ती पिशवी दुसऱ्या दुकानात मोजून घेतली, ती बावीस किलो भरली. गंमत अशी, की तीन किलोच्या तुटीबद्दल ती बाई शांतपणे बोलत होती. डोळ्यांत पाणी आले ते ‘ए, मागे सरक’ असे तिच्या सुनेदेखत म्हटले त्याने.

मित्रांनो, हा एका दुकानदाराचा तिरसट स्वभाव आहे असे समजून सोडून देता आले असते. पण आम्ही वेगवेगळ्या शाखांतून फिरतो, आणि नाशिकरोडला, मनमाडला, अकोल्याला ऐकतो ते यापेक्षा वेगळे नसते. रोकड पैसे टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘या ताई, बसा’ आणि कागद पुढे करणाऱ्याला ‘थांब जरा’, असा हा हिशेब आहे. खासगी कंपन्यांत काही नोकरदारांना जेवणाची कुपने मिळत. ती घेऊन किराणा दुकानात गेलेल्या चांगल्या कपड्यांतल्या माणसालाही कधी कधी हाच अनुभव येई: यावर साखर मिळणार नाही, सुटे परत मिळणार नाहीत, मालक आल्यावर या. कारण त्या कुपनाचे पैसे दुकानदाराला उशिरा आणि काही टक्के कापून मिळायचे. कंपनीचा माणूस निदान दुसऱ्या दुकानात जाई. डबे धुणारी बाई तीन खाडे पडल्यावर आणखी कुठे जाणार?

आता ‘आपला विषय कसा’ या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईत रेशनिंग आले ते १९४३ साली, युद्धाच्या काळात. त्याच काळात रेल्वेने आपल्या कामगारांसाठी धान्याची दुकाने उघडली होती. जुने लोक त्यांना ‘ग्रेनशॉप’ म्हणत. महागाई वाढली, पगार तेवढा वाढवायचा नव्हता, म्हणून स्वस्त धान्य द्यायचे, अशी ती योजना. त्या दुकानांतला माल आणि कारभार यांबद्दल इतकी ओरड झाली की १९४८ साली त्यासाठी चौकशी समिती बसवावी लागली. म्हणजे रेल्वे कामगार आणि रेशनचा काटा यांचा संबंध आपल्या बहुतेकांच्या जन्माआधीचा आहे. पुढे १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. आणि मे १९७४ चा संप! त्या संपाची बोनसची मागणी सर्वांना आठवते, आठ तासांची ड्युटी आठवते. पण त्याच मागणीपत्रात खात्याने चालवलेल्या दुकानांतून पुरेसे आणि सवलतीच्या दरात धान्य मिळावे, अशीही एक मागणी होती. ज्यांनी ते मागणीपत्र लिहिले त्यांना पगाराचा प्रश्न आणि पिठाच्या डब्याचा प्रश्न वेगळे वाटले नव्हते.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हाही रेल्वे कॉलनीतल्या प्रत्येक घरात रेशनकार्ड होते आणि ते वापरात होते. साखर, पामतेल, रॉकेल, गहू. रांगेत गँगमनची बायको असे, तिच्यामागे गार्डसाहेबांची आई, तिच्यामागे हायस्कूलचे मास्तर, मध्येच पोस्टमनचा मुलगा पिशव्या आणि डबा घेऊन. दुकानदार तेव्हा धुतल्या तांदळासारखा होता असे आम्ही म्हणत नाही. मापात तो तेव्हाही मारायचा, आणि रॉकेलचे काय करायचा ते रॉकेललाच ठाऊक. परंतु तोंड सांभाळून असायचा. रांगेतला कोणता माणूस तहसीलदाराला अर्ज लिहील आणि कोणाचा मेव्हणा पुरवठा शाखेत असेल, याचा त्याला भरवसा नव्हता. गार्डसाहेबांच्या आईचे ऐकून घ्यायचे, तर तिच्या पुढे उभ्या असलेल्या गँगमनच्या बायकोचेही ऐकून घ्यावे लागे.

जून १९९७ मध्ये लक्ष्यनिर्धारित व्यवस्था आली. दारिद्र्यरेषेखालचे वेगळे, वरचे वेगळे. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे झाली. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि लाखावर पांढरे. योगायोग असा की तो दिवस कामगार दिनाचा होता. आपल्यापैकी ज्यांना पांढरे कार्ड मिळाले, त्यांच्यासाठी ते पत्त्याचा पुरावा म्हणून कपाटात गेले. काहींना त्यात थोडा मोठेपणाही वाटला. गार्डसाहेब, मास्तर, पोस्टमन, सगळे हळूहळू रांगेतून बाहेर पडले. मागे राहिले ते ज्यांच्या अर्जाला तहसीलदार उत्तर देत नाही ते लोक. आमच्या मते दुकानदाराची जीभ सुटली ती तेव्हापासून. दुकान तेच, काटा तोच, फक्त रांगेतली माणसे बदलली.

आणि ही रांगेतली माणसे कोण आहेत? तुम्ही ज्या गाडीवर ड्युटी करता तिचे डबे धुणारी बाई त्यांत आहे. फलाट झाडणारा, पार्सल उचलणारा, पँट्रीत भांडी घासणारा पोरगा, खडी टाकायला आणलेला कंत्राटी मजूर, डाकेच्या पिशव्या चढवणारा रोजंदार. तीस वर्षांपूर्वी ही कामे कायम कामगार करीत होता. कामे बाहेर दिली गेली, आणि ती करणारी माणसे आपल्या सभासद-नोंदवहीच्या बाहेर गेली. कार्यकारिणीतल्या त्या दोघा मित्रांना आमचे एवढेच उत्तर आहे.

आता कायदा काय म्हणतो तो नीट ऐका. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. आधी तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफत ठेवायचे असा निर्णय झाला. ‘फुकटचं’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडी आला तो इथून. अहो, सरकारने किंमत शून्य केली म्हणून हक्क शून्य झाला काय? आपल्याला पास मिळतो. पास दाखवणाऱ्या रेल्वे कामगाराला टी.टी.ने ‘फुकट्या’ म्हटले तर आपण काय करू? दुसऱ्याच दिवशी गेट मीटिंग घेऊ.

याच कायद्यात, शिधापत्रिकेपुरती घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडीलधारी बाई ही कुटुंबप्रमुख मानली आहे. म्हणजे ज्या बाईला ‘ए, मागे सरक’ म्हटले गेले, ती कायद्याच्या लेखी घराची कर्ती आहे.

कायद्याच्या आधीही कोर्टाने सांगून ठेवले आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २ मे २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला, की जो दुकानदार ठरलेल्या काळात महिनाभर दुकान उघडे ठेवत नाही, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून जास्त दर घेतो, त्यांचे कार्ड स्वतःकडे ठेवून घेतो, कार्डावर खोट्या नोंदी करतो किंवा माल काळ्या बाजारात घालतो, त्याचा परवाना रद्द होऊ शकतो. धान्य हप्त्याहप्त्याने नेण्याची मुभाही त्याच हुकमात होती. आणि अंगठ्याचे म्हणाल तर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र सरकारने राज्यांना कळवले आहे, की आधारची ओळख पटली नाही एवढ्या कारणाने खऱ्या कार्डधारकाला धान्य नाकारू नये; त्याची वेगळी नोंद ठेवावी आणि धान्य द्यावे. हे कागद दुकानदाराने वाचलेले नसतात. आपण वाचून दाखवायचे.

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूनेही बोलली पाहिजे. युनियनचा माणूस दुसऱ्याच्या कमाईचा हिशेब करायला विसरला तर तो युनियनचा कसला? महाराष्ट्रात दुकानदाराला क्विंटलमागे दीडशे रुपये कमिशन होते, ते २०२५ साली एकशे सत्तर झाले. समजा एका दुकानातून महिन्याला साठ क्विंटल धान्य वाटले गेले, तर हाती येतात दहा हजार दोनशे रुपये. त्यातून गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, मापाड्याची मजुरी. मशीन बंद पडले तर शिव्या त्याला, गोदामातून पोते हलके आले तरी शिव्या त्याला. तो चिडतो हे आम्हाला समजते. पण वरच्याचा राग खालच्यावर काढायचा ही सवय आपण आपल्या पी.डब्ल्यू.आय.ची कधी चालवून घेतली नाही, तेव्हा दुकानदाराचीही घेऊ नये. त्याची कमिशनची मागणी रास्त आहे. त्याने मोर्चा काढावा, आम्ही पाठिंबा देऊ.

उत्पन्नाच्या मर्यादेवरही बोलायला हवे. प्राधान्य यादीसाठी महाराष्ट्राने २०१३ साली मर्यादा ठरवली ती शहरात वर्षाला ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार. ५९ हजारांना बाराने भागा. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. कंत्राटी कामगाराला रोज काम आणि कायद्याने ठरलेले किमान वेतन मिळाले तर तो ही मर्यादा केव्हाच ओलांडतो. म्हणजे अन्न सुरक्षेत राहायचे तर किमान वेतनाच्या कायद्याचा भंग आपल्या अंगावर चालू ठेवायचा! एका हाताने देतो म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने घाबरवायचे. बायका तक्रार करायला घाबरतात त्याचे मोठे कारण हेच आहे. दुकानदार हळूच म्हणतो, “जास्त बोललीस तर तुझ्या नवऱ्याचा पगार सांगू का तहसीलमध्ये?” झाले, तोंड बंद. ही मर्यादा वाढली पाहिजे, असा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे ठेवीत आहोत.

परप्रांतात असलेल्या आपल्या लोकांसाठी दोन शब्द. आपल्या खानदेशातली कितीतरी माणसे ताप्ती लाइनने सुरतेला गेली. उधना, लिंबायत या भागांत घरोघरी आपली भाषा ऐकू येते. त्यातले बरेच मजूर वर्षानुवर्षे असे समजत, की कार्ड गावाचे आहे म्हणजे धान्य गावातच मिळणार. तसे आता राहिलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडी होती. जून २०२२ पर्यंत सगळी राज्ये त्यात आली. तेव्हा सुरतेतल्या कोणी दुकानदाराने ‘तुमच्या महाराष्ट्रात जा’ असे म्हटले तर ते बेकायदा आहे. कार्डाचा नंबर किंवा आधार नंबर सांगायचा, अंगठा द्यायचा आणि धान्य घ्यायचे. नाही म्हटले तर १४४४५ या क्रमांकावर फोन करायचा. घरची अर्धी माणसे गावी असतील तर त्यांच्या वाट्याचे गावी आणि आपल्या वाट्याचे इथे, असेही घेता येते. इटारसी, सिकंदराबाद, हुबळी, बिलासपूर अशा ठिकाणी असलेल्या आपल्या सभासदांनी आसपासच्या मजुरांना एवढे सांगितले तरी मोठे काम होईल.

आता त्या बायकांच्या तक्रारीचे पुढे काय झाले? एकतीस सह्या आणि अंगठे घेऊन आम्ही अर्ज दिला. पुरवठा निरीक्षक चौकशीला आले. दुकानाबाहेर सगळ्यांना उभे केले आणि विचारले, बोला, काय तक्रार आहे? एकतिसांपैकी बोलल्या तिघी. बाकीच्या जमिनीकडे बघत राहिल्या. कारण त्याच माणसाचे शेजारी किराणा दुकान आहे, आणि महिनाअखेरीला तेल-मीठ उधार तोच देतो. ज्याची उधारी डोक्यावर आहे त्याच्या तोंडावर बोलायला वाघाचे काळीज लागते. तरीसुद्धा तिघी बोलल्या म्हणून अडवलेले कार्ड परत मिळाले, साबणाची सक्ती थांबली आणि भिंतीवर साठ्याचा फलक लागला. वागणूक मात्र महिनाभर सुधारली आणि पुन्हा मूळ पदावर आली.

तेव्हा अर्ज कसा करायचा आणि त्यामागे कोणी उभे राहायचे, या दोन्हींचा बंदोबस्त हवा. तक्रार तोंडी करू नका. १९६७ क्रमांकावर फोन जरूर करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, पण लेखी अर्ज सोडू नका. अर्जात कार्डाचा नंबर, दुकानाचा नंबर, तारीख, वेळ आणि दुकानदार काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘उद्धट वागणूक’ असे लिहिले की साहेब ती फाईल बाजूला ठेवतो. ‘फुकटचं खायचं आणि वर घाई करायची’ असे लिहिले की त्याला उत्तर घ्यावे लागते. मशीनची पावती जोडा. पावती दिली नाही तर तीच पहिली तक्रार. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तहसीलच्या पुरवठा शाखेचा शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असे समजा. तिथे काम झाले नाही तर कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे आणि त्याच्या वर राज्य अन्न आयोग आहे. हक्काचे धान्य मिळालेच नाही तर त्याऐवजी अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो, हे कलम ८ मध्ये आहे. प्रत्येक दुकानावर दक्षता समिती असली पाहिजे आणि तीत बायका असल्या पाहिजेत, असेही कायदा सांगतो. त्या समितीत कोण आहे हे दुकानदाराला विचारा. बहुधा त्याचाच भाचा निघेल.

टपाल खात्यातील बंधूंकडे आमची वेगळी विनंती आहे. पुष्कळ पोस्टांत आधार दुरुस्तीचे काम चालते. ज्यांचे अंगठे झिजले आहेत, त्यांचे ठसे नव्याने घेणे आणि मोबाइल नंबर जोडून देणे हे काम खिडकीवर उभे राहून त्या बायकांना जमत नाही. फॉर्म पाहूनच त्या परत फिरतात. तुमच्यापैकी एखाद्याने ड्युटी संपल्यावर अर्धा तास दिला तर एका घरचा महिन्याचा गहू सुटतो.

आणि कायम कामगारांना सांगणे असे. धान्यवाटपाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक दुकानासमोर आपले दोन सभासद, शक्य तर घरच्या बाईसह, तासभर उभे राहतील. भांडायचे नाही, आवाज चढवायचा नाही. रांगेतल्या बाईशेजारी उभे राहायचे, काट्याकडे बघायचे, वहीत लिहायचे. आपल्याला त्याची उधारी नाही, तो आपले नाव कोणत्या यादीतून कापू शकत नाही. निरीक्षक पुन्हा आला आणि ‘बोला’ म्हणाला, तर बोलणारा एक माणूस तिथे असेल. डिझेल शेडच्या आणि आर.एम.एस.च्या मिळून अकरा जणांनी कालपर्यंत नावे दिली आहेत. दुकाने चौदा आहेत, म्हणजे अठ्ठावीस माणसे हवीत. सतरा कमी पडतात. सभा संपल्यावर खजिनदारांच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, ड्युटीची पाळी आणि कोणता वार जमेल ते लिहावे. येत्या रविवारी सकाळी दहाला यार्डातल्या बायका युनियन ऑफिसात येणार आहेत. त्यांच्या कार्डांची झेरॉक्स आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पावत्या लावून अर्ज लिहायचे आहेत. ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी पेन घेऊन यावे.